खुंटा आणि चिमणी

माझी मावशी देशाच्या संघातून बुद्धिबळ खेळायची, हे मला बरीच मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. घरी शिवणयंत्राशेजारी एक पितळी चषक असायचा. आई त्यात बटणं ठेवायची. "हा कुणाचा गं?" असं मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "बटणांचा."

मावशी देश सोडून गेली होती. तिचं नाव काढायचं नाही असा नियम कुणी केलेला नव्हता, पण भिंतींना कान असतात आणि आमच्या आजोबांची नोकरी सरकारी होती. तिची पत्रं आमच्यापर्यंत येत नसत. आमची तिच्यापर्यंत पोचत होती की नाही, कोण जाणे. पुढे काळ बदलला, ये-जा मोकळी झाली, आणि मी नर्सच्या नोकरीसाठी ती होती त्याच देशात गेले. तिच्याच घरी काही वर्षं राहिले. इथं सांगते आहे ते बहुतेक तिच्या तोंडून ऐकलेलं, आणि शेवटचं माझ्यासमोर घडलेलं.

मावशी एकदा पटासमोर बसली की डाव संपेपर्यंत उठायची नाही. पाणी नाही, काही नाही. हात मांडीखाली दाबून, मान खाली. म्हणून संघात तिला सगळे खुंटा म्हणत. तिच्या बरोबरीची दुसरी एक खेळाडू होती, ती चिमणी. अंगानं ही चांगली थोराड, दारातून आत आली की दार भरून जायचं, पण चाल केली रे केली की खुर्चीतून भुर्र. मग दुसऱ्यांचे पट बघ, खिडकीतून वाक, पंचांच्या टेबलावरची बिस्किटं उचल, आणि आपली पाळी आली की पुन्हा जागेवर. स्पर्धेला गेल्यावर या दोघींना कायम एकच खोली मिळायची, कारण मावशीला झोपेत चाली बडबडायची सवय आणि चिमणीचं घोरणं पार जिन्यापर्यंत ऐकू जायचं. दोघींनाही तिसरी कुणी खोलीत घेईना.

खेळही असाच एकमेकींच्या उलटा. चिमणी सुरुवातीला धडाकेबाज, पटावर सात-आठ मोहरी उरली की कंटाळून चुकायची. मावशी सुरुवातीला चाचपडायची, पण शेवटाला आली की पकड सोडायची नाही. त्यांचे मास्तर म्हणायचे, "या दोघींना मधोमध शिवलं तर एक जगज्जेती होईल." दोघी रोज संध्याकाळी एकमेकींना शिकवत. चिमणीच्या घरी मावशीचा एक स्वेटर कायम असायचा आणि आजी चिमणीला "आमची दुसरी" म्हणायची.

मग एका वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत चिमणी पहिली आली आणि मावशी दुसरी. जागतिक सामन्यांसाठी संघात तीन जागा होत्या. यादी लागली त्यात चिमणी होती, तिसरी आलेली होती, आणि एका बड्या साहेबांची सून होती, जिचा नंबर दहाच्याही खाली होता. मावशीचं नाव नव्हतं. ती विचारायला गेली तेव्हा संघटनेचे साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की." पुढच्या वर्षी गेली तेव्हाही ते "पुढच्या वर्षी"च म्हणाले.

"चिमणी काही बोलली नाही त्यांना?" मी मावशीला विचारलं होतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? ती मला म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिचं काय जात होतं म्हणायला!"

मावशीचं तोंड बंद करायला तिला परदेशातल्या एका लहानशा स्पर्धेला पाठवलं. सोबत चिमणी आणि एक साहेब. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पूल बांधणारे इंजिनियर होते. योगायोगानं ते तेव्हा एका पुलाच्या कामावर सरहद्दीपलीकडेच होते. खरं तर योगायोग वगैरे नव्हताच. त्या देशातल्या एका क्लबचे चिटणीस, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, ते आधीच्या वर्षी मावशीचा खेळ बघून गेले होते. तुम्ही या, दोन खोल्या देतो, नोकरी बघतो, संघात घेतो, असं त्यांनी कानात सांगून ठेवलं होतं. काका आधी नाही म्हणाले, मग तिचा चेहरा बघून हो म्हणाले.

शेवटच्या फेरीच्या सकाळी चिमणी खोलीत आरशासमोर केस विंचरत होती. मावशीनं कोट घातला.

"मी जरा पाय मोकळे करून येते."

"डावाच्या आधी? तू?" चिमणी कंगवा तोंडात धरून हसली. "अगं बाई, खुंट्याला पाय फुटले!"

मावशी जिना उतरली, हॉटेलच्या मागच्या गल्लीत मिशीवाल्यांची गाडी उभी होती, तिच्यात बसली. बॅग खोलीत राहिली. चपलासुद्धा पलंगाखाली राहिल्या. स्टेशनवर काका भेटले आणि दोघं परत फिरलेच नाहीत.

"तिला तरी सांगायचंस," मी म्हटलं होतं.

"सांगितलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. माहीतच नसेल तर खोटं कशाला बोलेल?"

हे तिनं इतक्या पटकन म्हटलं, की पूर्वी कितीतरी वेळा ती स्वतःशी हे म्हणाली असणार.

नव्या देशात मिशीवाल्यांनी शब्दाप्रमाणे दोन खोल्या दिल्या. त्यांच्या फरशांच्या दुकानावरच त्या होत्या. खाली दिवसभर फरशी कापायचं यंत्र किंचाळायचं आणि वरच्या कपबशा थरथरायच्या. पण संघात घेण्याचं जमलं नाही. नियम असा होता, की जुन्या देशाच्या संघटनेनं खेळाडूला मोकळं केलं तरच ती नव्या देशाकडून खेळू शकते. नाही केलं तर वर्षानुवर्षं थांबायचं. जुन्या संघटनेनं मोकळं तर केलं नाहीच, उलट तिकडच्या वर्तमानपत्रात एक निवेदन छापलं: ही बाई संघाच्या जिवावर मोठी झाली आणि संघाच्याच पाठीत सुरा खुपसून गेली. खाली संघातल्या सगळ्या बायकांची नावं. पहिलं नाव चिमणीचं.

मिशीवाल्यांनी ते पान कुठून तरी मिळवून आणलं होतं. मावशीनं उभ्या उभ्या वाचलं. काका म्हणाले, "अगं, लिहून घेतलं असेल त्यांनी. तिचा मजकूर नाही हा."

"मजकूर नाही तिचा. नाव तर आहे ना?"

आणि ती भाजी चिरायला गेली. त्या दिवसापासून तिनं चिमणीचं नाव टाकलं. बोलायची वेळ आलीच तर "ती" म्हणायची.

थांबण्यात तिची चांगली वर्षं गेली. रविवारी क्लबचे सामने असायचे, फरशीवाले विरुद्ध रेल्वेवाले असे. तिथं ती सगळ्यांना हरवायची आणि हरलेले पुरुष तिला, "आज डोकं दुखत होतं हो माझं," म्हणून सांगायचे. "आयुष्यात धडधाकट पुरुषाला हरवल्याचं मला आठवत नाही," ती म्हणायची. "सगळे आजारीच होते बिचारे."

सोमवार ते शनिवार ती कवळ्या करायची. दाताच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाची हिरडी बसवायची, मेणात एकेक दात रोवायचा. लांबट खोली, खिडकीशी ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर छोटा दिवा आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पकड. मेणाचा वास, घासायच्या चाकाची गुलाबी धूळ. मावशीचा हात स्थिर म्हणून तिला पुढचे दात दिले होते, जे हसताना दिसतात. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया गुलाबी असायच्या. "आधी लोकांची मोहरी खायचे," ती म्हणायची, "आता लोकांच्या खाण्याची सोय करते."

काकांचं त्याहून वाईट झालं. त्यांची इंजिनियरची पदवी तिथं चालत नव्हती. परीक्षा पुन्हा द्यायची, तीही नव्या भाषेत. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. मग इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत लागले. ज्यानं नदीवर पूल टाकले तो माणूस अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तारांना ग्रीस लावायचा. तक्रार केली नाही त्यांनी. बोलणं मात्र कमी कमी होत गेलं.

शेवटी थांबायची मुदत संपली आणि मावशीला नव्या देशाच्या संघात घेतलं, पहिल्या पटावर. सामने तिसऱ्याच एका देशात होते. चौथ्या की पाचव्या फेरीत फलकावर नावं लागली, आणि समोर तिचा जुना देश. पहिल्या पटावर चिमणी.

मोठा हॉल, टेबलांवर छोटे झेंडे, दोऱ्या लावून प्रेक्षक पलीकडे. मावशीनं रिवाजाप्रमाणे हात पुढे केला. चिमणीनं तो घेतला नाही, नुसतं घड्याळाचं बटण दाबलं. हात मिळवायचा नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. तिच्या खुर्चीमागे, दोरीला टेकून, त्यांचे साहेब उभे होते.

"आणि सांगू का," मावशी म्हणाली, "त्या दिवशी ती एकदाही उठली नाही. पुतळ्यासारखी बसून होती. तेव्हाच मला वाटलं, हिच्या मनात काहीतरी आहे."

डाव मावशीच्या बाजूला झुकत गेला. एक प्यादं जास्त, हत्ती मोकळा. साहेब पाणी प्यायला की कुठेतरी वळले. चिमणी पुढे झुकली, घोडा घरात नीट करायच्या निमित्तानं हात पुढे केला आणि तोंड न हलवता, आपल्या भाषेत म्हणाली, "ऐक ना..."

मावशीनं हात वर केला आणि पंचांना बोलावलं.

डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याशी बोलायला मनाई असते. पंच आले, मागोमाग साहेबही आले. "माझ्याशी बोलत होती," मावशी म्हणाली. पंचांनी चिमणीला विचारलं, काय बोललात? चिमणीनं साहेबांकडे पाहिलं. "मी बरोबरी मागत होते," ती म्हणाली. पंचांनी ताकीद दिली. बरोबरी मावशीनं दिली नाही. थोड्याच चालींत चिमणीनं राजा आडवा केला आणि उठून गेली.

"पाठीत सुरा म्हणाली होती ना मला? मग समोरून घे, म्हटलं," मावशी मला सांगत होती. तिला त्याचा आनंद झाल्यासारखा दिसत नव्हता. पण पश्चात्तापही नव्हता.

पुढे कळलं, की देशद्रोही बाईकडे बरोबरीची भीक मागितली म्हणून चिमणीला संघातून काढलं. मावशी म्हणाली, "मला नव्हतं काढलं?"

मावशीचंही तिथं फार दिवस निभावलं नाही. जिंकली की वर्तमानपत्रं "आपली खेळाडू" लिहायची, हरली की "बाहेरून आलेली". एका स्पर्धेत सलग हरली, तोवर तिथल्याच मातीतल्या दोन तरण्या मुली तयार झाल्या होत्या. मिशीवाल्यांनी खोल्यांचं भाडं मागायला सुरुवात केली. त्याच हिवाळ्यात आजी गेली. आईनं कुठून तरी फोन जोडला होता, "आई गेली" एवढंच मावशीला ऐकू आलं आणि लाइन तुटली. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. टेबलावर कुणा म्हाताऱ्या बाईच्या कवळीचं काम होतं, ते तिनं संपवलं.

काळ बदलला तेव्हा काका आपल्या आजारी वडिलांना बघायला म्हणून तिकडे गेले. वडील बरे झाले. काका परत आले नाहीत. फोनवर म्हणाले, "अगं, इथं बाजारात एकानं मला ओळखलं. म्हणाला, साहेब, तुमच्या पुलावरून रोज जातो मी." मग म्हणाले, "मला इथंच बरं वाटतंय." मावशीनं "बरं" म्हटलं. बुद्धिबळासाठी तिनं देश सोडला होता आणि तिच्यासाठी त्यांनी. आता बुद्धिबळही राहिलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, आणि तिच्या हाती लोकांच्या कवळ्या राहिल्या.

मी तिच्याकडे राहायला गेले ती यानंतर. घर तेव्हा बदललेलं होतं, दुसरा मजला, समोर बसचा डेपो. घरात एकही पट नव्हता.

एक दिवस एका बाईंचा फोन आला. देश बदललेल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी त्या कॅमेऱ्यावर घेत होत्या. मावशीनं चक्क नाही म्हटलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "पण तुमच्या मैत्रीण येताहेत. त्यांनी लगेच हो म्हटलं."

चिमणीही आता देश सोडून आली होती, शेजारच्याच देशात लेकीकडे राहायची, नातवंडं सांभाळायची. पण तिनं सोडला तेव्हा कुणाची परवानगी लागत नव्हती आणि तिच्याविरुद्ध कुणी सह्याही केल्या नाहीत. मावशीला हे ऐकून नव्यानं लागलं.

"ती येतेय? मग मी का तोंड लपवू?" ती मला म्हणाली. "चल तू पण."

एका ग्रंथालयाची वरची खोली होती. दोन खुर्च्या, मध्ये पट मांडलेला, दिवे. चिमणी आधीच बसली होती. काठी खुर्चीला टेकवलेली, पाय सुजलेले. इतकी मोठी बाई कुणी पिळून काढल्यासारखी झाली होती. मावशीला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"बस, बस," मावशी म्हणाली. "नाहीतरी तुला बसवत नाही कधी."

चिमणी हसली. सुरुवात बरी झाली. बाई विचारत होत्या, दोघी सांगत होत्या. घोरणं, झोपेतल्या चाली, एकदा चिमणीनं पंचांची सगळी बिस्किटं कशी संपवली होती. मला वाटलं, मिटलं बहुतेक. मग बाईंनी विचारलं, "आणि मग तुम्ही गेलात. तेव्हा यांना काय वाटलं?"

चिमणीचं हसू गेलं. ती कॅमेऱ्याकडे न बघता मावशीकडे बघून बोलली.

"दुपारपर्यंत मी तुझी वाट बघत होते. तुझा डाव सुरू झाला, तुझं घड्याळ चालत होतं. मी पंचांना म्हटलं, थांबा, येईल ती, पाय मोकळे करायला गेलीय. लोक हसले मला. मग मला खोलीत बसवून विचारत राहिले. तुझ्या चपला समोर ठेवल्या होत्या. म्हणाले, एकत्र राहता, एकत्र जेवता, आणि तुला माहीत नाही? मी सांगितलं, नाही माहीत. कुणी विश्वास ठेवला नाही. त्यानंतर आम्हाला कुणालाच बरेच दिवस बाहेर खेळायला सोडलं नाही. तुझी वर्षं गेली म्हणतेस. आमची नाही गेली?"

मावशीनं हे कधी मनातही आणलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती माघार घेणाऱ्यातली नव्हती.

"म्हणून सही केलीस?"

"केली. भाऊ होता मला, त्याला नोकरी होती. तू असतीस तर तूही केली असतीस."

"आणि वर बरोबरी मागायला आलीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी मालमोटार मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"बरोबरी नव्हते मागत गं मी," ती म्हणाली.

"तूच सांगितलंस पंचांना."

"मग काय सांगणार होते? साहेब बाजूला उभे होते. तुझ्या आईचा निरोप आहे हिच्यासाठी, असं सांगू?"

मावशीचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले.

"कसला निरोप?"

"सामन्याला निघायच्या आधी तुझी आई माझ्याकडे आली होती. मी मुलांना शिकवायचे त्या हॉलवर. एकटी, बसनं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. म्हणाली, तुला भेटेल ती, तिला एवढं सांग. मी नको म्हटलं, मला जमायचं नाही. ती रडली. मग मी हो म्हटलं. सगळा डावभर संधी शोधत होते. उठले असते तर साहेब पाठीमागे आले असते, म्हणून उठलेही नाही. आणि तू हात वर केलास."

"काय म्हणाली आई?"

चिमणीनं मान हलवली.

"काय म्हणाली ती?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही?"

"परत गेल्यावर पुन्हा चौकशी झाली. काय बोललीस, कुणाचा निरोप नेलास? तोंडातून निघालं असतं तर तुझ्या आईला आणलं असतं त्यांनी. म्हणून मी रोज स्वतःला सांगायचे, निरोप नव्हताच. तुझी आई आलीच नव्हती. सांगून सांगून ते गेलंच डोक्यातून. आता तिचा चेहरा दिसतो, पिशवी दिसते हातातली. शब्द नाहीत."

"मोठा होता की छोटा?"

"नाही गं आठवत."

कॅमेरा चालूच होता. मावशीनं कॉलरला लावलेला माइक काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "चल." जिन्यात तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

महिन्याभरानं ती मुलाखत इंटरनेटवर आली. त्यात घोरणं होतं, झोपेतल्या चाली होत्या, बिस्किटं होती. निरोप नव्हता, चपला नव्हत्या, सही नव्हती. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती गोड आज्ज्या! मावशीनं मला त्या बाईंना फोन लावायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, बुद्धिबळ मंडळानं कार्यक्रमाला पैसे दिलेत, त्यांना जरा हलकंफुलकं हवं होतं. आणि तुमचं खासगी होतं ना ते."

"खासगी!" मावशी फोन ठेवून म्हणाली. "वर्तमानपत्रात छापलं तेव्हा नव्हतं खासगी."

तिनं माझ्या आईलाही विचारलं. आईला काहीच माहीत नव्हतं. आजी घरातून कधी गेली, कधी आली, तिलाही पत्ता लागला नव्हता. "काय सांगणार, गं?" आई म्हणाली. "जेवतेस ना वेळेवर, असंच काहीतरी असेल." त्यावर मावशी चिडली. बसचे धक्के खात, जीव मुठीत धरून म्हातारी एवढंच सांगायला गेली असेल?

मग तिनं चिमणीला फोन करायला सुरुवात केली. दर रविवारी. आधी गुडघे, मग औषधं, मग चिमणीची नातवंडं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "आठवलं का काही?" तिकडून, "नाही गं." मग फोन ठेवायचा. मला वाटायला लागलं, की आता याच निमित्तानं दोघी बोलतात, तर बोलोत बापड्या. कधीकधी मावशी हसलेलीही ऐकू यायची.

असं वर्षभर चाललं असेल. एका रविवारी मी स्वयंपाकघरात कपडे इस्त्री करत होते. फोनचा स्पीकर लावून, तो टेबलावर ठेवून मावशी मोठ्यानं बोलत होती, तिला ऐकू कमी यायला लागलं होतं.

"आठवलं का काही?"

"आठवलं," चिमणी म्हणाली.

मी इस्त्री उभी केली.

"काल झोपेत आठवलं. तुझी आई म्हणाली, बाळाला सांग, मला तुझा अभिमान वाटतो. तू सुखात राहा, माझे आशीर्वाद आहेत."

पलीकडून चिमणी विचारत होती, "ऐकू आलं का? हॅलो?"

"माझ्या आईनं मला जन्मात कधी बाळ म्हटलं नाही," मावशी म्हणाली. "अभिमान तर तिला उच्चारताही आला नसता. खोटं बोलतेस तू."

"अगं..."

"माझ्या आईच्या तोंडी काहीबाही घालतेस?"

"मग काय करू?" चिमणी एकदम ओरडली. "दर रविवारी विचारतेस! दर रविवारी मी नाही म्हणते आणि तू फोन ठेवतेस, आणि मग माझा अख्खा आठवडा जातो! म्हटलं, देऊन टाकू काहीतरी, सुटशील तू. सुटेन मी."

मावशीनं फोन बंद केला.

त्यानंतर तिनं फोन केला नाही. चिमणीचे आले ते तिनं उचलले नाहीत. एकदा ती कामावर असताना मी उचलला. चिमणीचा आवाज बारीक झाला होता. "तिला एवढंच सांग," ती म्हणाली, "की ते मी बनवलं होतं, पण आधीचं खोटं नव्हतं. मला खरंच आठवत नाही."

मावशी संध्याकाळी घरी आली, भुवया पुसल्या, पाणी प्यायली. मी तिला सांगितलं, जसंच्या तसं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तेच तर. विसरली ती."

पुढच्या वसंतात चिमणी गेली. तिच्या लेकीनं कळवलं. मावशीनं दोन ओळी लिहून पाठवायला मला सांगितलं, तुला सुचतील त्या लिही म्हणाली, आणि खाली सही मात्र स्वतः केली.